पद्मिनी स्टार्ट होत नाही, झाली तर स्लोला टिकत नाही? कार्बोरेटरला हात सगळ्यात शेवटी लावा

पुण्यात अजून बऱ्याच सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये कव्हर घातलेली एखादी जुनी फियाट, म्हणजे पद्मिनी किंवा डिलाइट, असतेच, कोणाच्या आजोबांची, कोणाच्या वडिलांची, आणि ती विकायची नाही हे घरात कधीच ठरलेलं असतं. ओळखीतले लोक ह्या गाड्यांच्या तक्रारी मला सांगत असतात आणि त्या फिरून फिरून दोनच असतात, सकाळी स्टार्ट होत नाही, आणि झाली तर सिग्नलला बंद पडते. त्यावर उपायही बहुतेकांनी एकच केलेला असतो, कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग) खोलला, धुतला, स्क्रू थोडे आत थोडे बाहेर केले, आठवडाभर गाडी बरी चालली आणि परत पहिले पाढे पंचावन्न. मग कोणीतरी नवा कार्बोरेटरच बसवून घेतो, त्यात चांगले पैसे जातात, आणि तरी सिग्नलला गाडी बंद पडतेच.

मला कळकळीने एकच गोष्ट सांगायचीय, कार्बोरेटरला हात सगळ्यात शेवटी लावा. कारण कार्बोरेटरच्या स्क्रूने दुसऱ्या कुठल्याही दोषावर तात्पुरतं पांघरूण घालता येतं. करंट (म्हणजे प्लगची ठिणगी) कमजोर असेल तर मिक्श्चर थोडं रिच केलं, म्हणजे हवेत पेट्रोल वाढवलं, की गाडी जरा बरी चालते, कुठून हवा खेचत असेल तर स्लो (आयडलिंग, म्हणजे ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावरचा इंजिनचा वेग) वाढवून ठेवली की बंद पडत नाही. पण मूळ दोष तसाच राहतो, वाढत जातो, आणि आता त्याच्यावर चुकीच्या सेटिंगचा आणखी एक थर बसलेला असतो, त्यामुळे पुढचा माणूस शोधायला गेला की त्याला काहीच लागत नाही. म्हणून आधी बॅटरी आणि सेल्फ (स्टार्टर मोटर), मग करंट, मग टायमिंग (ठिणगी नेमकी कधी पडते), मग पेट्रोल येतंय का, मग हवा कुठून आत येतेय, मग व्हॉल्व आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब), आणि हे सगळं ठीक असेल तर कार्बोरेटर. हा क्रम मी घरच्या पद्मिनीवर शिकलो आणि तो मला शिकवला नाना पेठेत वर्षानुवर्षं फियाटवर काम केलेल्या एका मिस्त्रीकाकांनी, ज्यांना मी लहानपणापासून काका म्हणतो.

गाडीबद्दल थोडं, कारण नवीन पिढीला माहीत असेलच असं नाही. ही मुळात इटलीची फियाट ११००, आपल्याकडे प्रीमियर ऑटोमोबाइल्स ती मुंबईत कुर्ल्याला बनवायची. १९६४ ला डिलाइट आली, १९७४ पासून पद्मिनी हे नाव, आणि साधारण २००० पर्यंत गाडी बनत होती. इंजिन १०८९ सीसी, चार सिलिंडर, फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटायचा क्रम) १-३-४-२. इंजेक्शन नाही, सेन्सर नाही, आपण बोलतोय त्या इंजिनात ईसीयू (कॉम्प्युटर) वगैरे काही नाही, सगळं डोळ्याला दिसतं, हाताला लागतं. माझ्या मते हीच ह्या गाडीची सगळ्यात मोठी श्रीमंती आहे. एक टेस्ट लॅम्प, एक साधा मल्टिमीटर, फिलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या), प्लग पाना आणि थोडा धीर एवढ्यावर नव्वद टक्के दोष घरच्या पार्किंगमध्ये सापडतात.

सेल्फपासून सुरू करू. गाडी स्टार्ट होत नाही म्हणजे नक्की काय, हे आधी नीट बघा. सेल्फ नुसता टक टक करतोय, की फिरतोय पण ओढून ताणून, की मस्त फिरतोय पण इंजिन पकडत नाही, ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक तिन्हीला एकच नाव देतात. फुल चार्ज बॅटरी गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी उतरली. पण खरी परीक्षा सेल्फ मारताना होते, तेव्हा व्होल्टेज साडेनऊ-दहाच्या खाली जाता कामा नये. खाली गेलं तर इंजिन फिरतं पण कॉइलला पुरेसं व्होल्टेज मिळत नाही, आणि मग माणूस म्हणतो सेल्फ तर फिरतोय मग करंट का नाही. काही गाड्यांत किल्ली सोडता सोडता इंजिन पकडतं, तो नेमका हाच प्रकार असतो, सेल्फ थांबला की व्होल्टेज परत वर येतं आणि शेवटच्या अर्ध्या फेरीत ठिणगी पडते.

आणि अर्थिंग! ह्या विषयावर मी कितीही बोलू शकतो. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे इंजिन ते बॉडी अशी एक जाड अर्थची पट्टी असते, ती वीस-तीस वर्षांत आतून सडते किंवा तिच्या बोल्टखाली रंग आणि गंज जमतो. मग सेल्फचा एवढा मोठा करंट परतीची दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट बऱ्याचदा चोकची (थंड इंजिनला जास्त पेट्रोल देणाऱ्या यंत्रणेची) किंवा ॲक्सिलरेटरची केबल असते. सेल्फ मारल्यावर चोकची केबल गरम लागली तर दुसरं काहीही बघू नका, अर्थची पट्टी बदला. पट्टी बसवताना दोन्ही टोकांखालचा रंग खरवडून चकचकीत पत्रा काढा, बोल्ट घट्ट करा, वरून थोडं ग्रीस. बॅटरीची टर्मिनलंही काढून, घासून परत लावा, वरून स्वच्छ दिसली तरी आतल्या बाजूला काळा थर असतो.

आता करंट. माझ्या अनुभवात अशा गाड्यांचे सगळ्यात जास्त दोष इथेच असतात, म्हणून इथे जरा थांबून बोलतो.

ह्या गाडीत डेल्कोच्या (डिस्ट्रिब्युटर, चारही प्लगना आळीपाळीने करंट वाटणारा भाग) आत पॉइंट असतात. पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या प्रायमरीमधून (पहिल्या गुंडाळीतून) करंट वाहतो, कॅम फिरला की पॉइंट उघडतात, करंट एकदम तुटतो आणि त्या झटक्याने सेकंडरीत (दुसऱ्या गुंडाळीत) हजारो व्होल्ट तयार होतात, ते रोटर आणि कॅपमधून त्या त्या प्लगला जातात. सगळा खेळ ‘एकदम तुटतो’ ह्या दोन शब्दांत आहे. करंट एकदम तुटायला हवा तर पॉइंटमध्ये ठिणगी उडता कामा नये, आणि ते काम कंडेन्सर करतो, पॉइंट उघडायच्या क्षणी तो करंट पोटात घेतो. कंडेन्सर कमजोर झाला की पॉइंट जळायला लागतात, एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेकाड तयार होतं, आणि प्लगची ठिणगी निळी कडक असायची ती पिवळसर, मऊ होते. छोटीशी डबी, किंमत फार नाही, आणि सगळ्यात जास्त गाड्या ह्याच्यामुळे रस्त्यात उभ्या राहतात असं मी ठामपणे म्हणेन.

पॉइंटचा गॅप साधारण ०.४ मिलिमीटर, तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये किंवा डेल्कोच्या मेकप्रमाणे जो दिलाय तोच ठेवा. गॅप बघताना पॉइंटची फायबरची टाच कॅमच्या बरोबर टोकावर हवी. आणि एक गोष्ट बरेच जण विसरतात, गॅप बदलला की टायमिंगही बदलतं. गॅप वाढवला तर पॉइंट लवकर उघडतात म्हणजे टायमिंग पुढे जातं (ठिणगी लवकर पडते), गॅप कमी झाला तर मागे पडतं. फायबरची टाच झिजते तसा गॅप आपोआप कमी होत जातो, म्हणजे काही न करता टायमिंग हळूहळू मागे पडतं, गाडी जड वाटायला लागते, गरम व्हायला लागते, स्लो उतरते, आणि मग मालक स्लोचा स्क्रू फिरवतो. म्हणून आधी गॅप आणि मगच टायमिंग, उलटं कधी करू नका. टाचेला कॅमवर ग्रीसचं अगदी छोटं बोट लावा, जास्त लावलं तर ते उडून पॉइंटवर जातं.

डेल्कोचा शाफ्ट बोटांनी धरून आडवा हलवून बघा. बुश झिजला असेल तर शाफ्ट डगडग करतो, प्रत्येक सिलिंडरला गॅप वेगळा पडतो, आणि अशा गाडीची आयडलिंग तुम्ही जन्मभर सेट करत बसलात तरी ती एकसारखी होणार नाही. तसंच डेल्कोच्या आत पॉइंटला जाणारी ती बारकी वायर, ती सारखी वाकून वाकून वरच्या आवरणाच्या आतच तुटते, बाहेरून धडधाकट दिसते. हलकेच ओढून बघा, रबरासारखी ताणली गेली तर आत तांबं शिल्लक नाही असं समजा.

कॉइलबद्दल एवढंच, बॅलास्ट (कॉइलच्या आधी लावायचा वेगळा रेझिस्टन्स) नसलेल्या साध्या १२ व्होल्टच्या कॉइलचा प्रायमरी रेझिस्टन्स साधारण ३ ओम असतो. दुकानात हाताला आली म्हणून कोणीतरी बॅलास्टवाली दीड ओमची कॉइल तशीच बसवलेली असते, मग करंट दुप्पट, कॉइल तापते, पॉइंट भराभर जळतात आणि दर काही आठवड्यांनी पॉइंट बदलावे लागतात. मल्टिमीटर लावायला एक मिनिट लागतं, लावून बघा.

माझ्या मावसभावाच्या पद्मिनीचं उदाहरण सांगतो कारण त्यात हे सगळं एकत्र आलं होतं. तो कोथरूडला राहतो. गाडी सकाळी एका झटक्यात सुरू व्हायची, घरातून निघायची छान, आणि कर्वे रोडला नळ स्टॉपच्या आसपास आली की मिस मारायला (अडखळायला) लागायची, सिग्नलला थांबली की बंद. अर्धा तास उभी ठेवली की परत सुरू. मे महिना होता त्यामुळे सगळ्यांनी एकच निदान केलं, व्हेपर लॉक, म्हणजे उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडतोय, इंजिनवरच्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाक. त्याने टाकलं, काही फरक नाही. कार्बोरेटर दोन ठिकाणी खोलून झाला होता. तो मला म्हणाला, "दादा, आता इलेक्ट्रिक पंप बसवून टाकू का?" मी काकांना फोन लावला. काका म्हणाले, "अरे, थंड गाडी बघून काय उपयोग, दोष गरम झाल्यावर येतो ना, मग बंद पडल्या पडल्या बघा. आणि पहिले कार्बोरेटरच्या तोंडात बघा, पेट्रोल उडतं का."

हे वाक्य लाखमोलाचं आहे. दोष जेव्हा हजर असतो तेव्हाच त्याला पकडायचं. आम्ही मुद्दाम गाडी तापवली, बंद पडल्या पडल्या एअर फिल्टर काढून ॲक्सिलरेटरचा दांडा हाताने हलवला, आत ॲक्सिलरेटर पंपच्या नळीतून पेट्रोलची बारीक धार नीट उडाली. म्हणजे बाउलमध्ये (कार्बोरेटरच्या पेट्रोलच्या वाटीत) पेट्रोल आहे, म्हणजे व्हेपर लॉक नाही, तो अख्खा विषय तिथेच मिटला. मग फिल्टर परत लावून, पेट्रोलचा वास जाऊ देऊन, कॉइलची मधली वायर इन्सुलेटेड पकडीने इंजिनच्या लोखंडापासून थोडी लांब धरून सेल्फ मारला, तर ठिणगी पिवळी आणि मधूनच गायब. कंडेन्सर बदलला, पॉइंट जळाले होते तेही बदलले, गॅप आणि टायमिंग केलं. त्यानंतर गाडी ऐन दुपारी डेक्कन, लकडी पूल, बाजीराव रोड असं फिरवून आणली, कुठेही बंद पडली नाही. गरम झाल्यावर कंडेन्सर आतून सुटत होता, थंड झाला की परत जुळत होता, एवढंच. (आयडलिंग मात्र त्यानंतरही थोडी खालीवर होत होती, ते दुसरं कारण होतं, खाली येतंच.)

पावसाळ्याचंही सांगून टाकतो. जुलैमध्ये आपल्याकडे दिवसेंदिवस भुरभुर असते, ऊन नाही, गाडी उघड्यावर असेल तर डेल्को कॅपच्या आत बाहेर दमट होतं. कॅपला केसासारखी बारीक चीर असेल तर करंट त्या चिरेतून पळतो आणि काळी रेघ उमटते, तिला कितीही पुसलं तरी ती कार्बन झालेली वाट असते, कॅप बदलावीच लागते. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन सुरू ठेवा, प्लग वायर जिथे लीक होत असतील तिथे निळे धागे नाचताना दिसतात. ही टेस्ट मी सगळ्यांना करायला लावतो, फुकट आहे आणि एकदम पक्की आहे, फक्त त्या वेळी वायरींना हात लावू नका.

करंट आणि टायमिंग ठीक आहे, आता पेट्रोल. कार्बोरेटरला येणारा पाइप काढून त्याचं टोक एका बाटलीत सोडा, कॉइलची वायर आधी काढून ठेवा म्हणजे कुठे ठिणगी नको, आणि कोणालातरी सेल्फ मारायला सांगा. पंप चांगला असेल तर ठेका धरून जोरात पिचकारी येते. फुसफुस आणि बुडबुडे आले तर टाकी ते पंप ह्या वाटेवर कुठेतरी हवा शिरतेय, आणि हा दोष फसवा आहे कारण तिथे पेट्रोल गळत नाही, भोक पडलेल्या स्ट्रॉने नारळपाणी ओढावं तसं पाणी कमी आणि हवा जास्त येते. रबरी पाइपचा तुकडा, त्याचे क्लिप, पंपाच्या झाकणाखालचं पॅकिंग, हे बघा. पंपाचा डायफ्रॅम (आतला लवचिक पडदा) फाटला असेल तर पेट्रोल खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं, म्हणून ऑइलची दांडी काढून वास घ्यायची सवय ठेवा, ऑइलची लेव्हल वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला तर गाडी अजिबात चालवू नका, आधी पंप आणि ऑइल दोन्ही बदला. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं असेल तर गाडी वीस-पंचवीस मिनिटं चालून बंद पडते, झाकण सैल केल्यावर सुस्स आवाज येतो आणि गाडी परत सुरू होते.

महिनोन्‌महिने उभी असलेली गाडी पहिल्या सेल्फला पकडत नाही हे मात्र दोष धरू नका, बाउलमधलं पेट्रोल उडून गेलेलं असतं, पंपाला ते मागून ओढून आणायला वेळ लागतो. सेल्फ सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये थांबा, मोटर तापते. थंडीत चोक पूर्ण ओढा, आणि कार्बोरेटर सोलेक्स कंपनीचा असेल तर चोक ओढलेला असताना ॲक्सिलरेटरवर पाय ठेवू नका, कारण त्यात चोकच्या पेट्रोलला वेगळी वाट असते, बटरफ्लाय (ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) उघडला की तिथली ओढ कमी होते. पुण्याच्या डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी एवढ्याने फरक पडतो.

आता नवीन डोकेदुखी, इथेनॉल. २०२५ पासून जवळपास सगळ्या पेट्रोल पंपांवर २० टक्के इथेनॉलचं (ई२०) पेट्रोल मिळतं. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट, मिश्रणाचा हिशोब साडेतेराच्या आसपास येतो. इंजेक्शनची गाडी सेन्सर वापरून हे सांभाळून घेते, आपला कार्बोरेटर जुन्या जेटने (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक पितळी भोकाने) तेवढंच पेट्रोल सोडतो, म्हणजे गाडी थोडी लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) चालते. ह्याचा परिणाम स्लोला आणि थंड स्टार्टला सगळ्यात आधी जाणवतो. दुसरं म्हणजे इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, पावसाळाभर अर्धी टाकी ठेवून गाडी उभी केली तर पाणी खाली बसतं, आणि पंप नेमकं तळातलंच खेचतो. बाटलीत काढलेलं पेट्रोल तसंच थोडा वेळ ठेवून बघा, खाली वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करणं हाच उपाय. तिसरं, जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही, पाइप फुगतात, मऊ होतात, आतून तुकडे सुटतात आणि ते जाऊन निडल व्हॉल्वमध्ये (बाउलमध्ये येणारं पेट्रोल अडवणाऱ्या सुईत) अडकतात. माझा स्पष्ट सल्ला आहे की गाडीतले सगळे रबरी पेट्रोल पाइप इथेनॉल चालणाऱ्या पाइपांनी बदलून टाका, हा खर्च पुढे ढकलू नका, इथे आगीचा प्रश्न आहे. आणि गाडीत छोटा फायर एक्स्टिंग्विशर हवाच हवा.

उन्हाळ्यातला गरम स्टार्ट वेगळा असतो. कात्रज घाट किंवा सिंहगड चढून गाडी बंद केली की पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं, आणि बॉनेटखालचं तापमान उलट वाढतं. बाउलमधलं पेट्रोल उकळून खाली इंजिनात पाझरतं आणि इंजिन फ्लड होतं. अशा वेळी चोक पूर्ण आत, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून तसाच धरून ठेवा, पंप करू नका, आणि सेल्फ मारा. जादा पेट्रोल हवेबरोबर निघून जातं आणि गाडी सुरू होते. लोक बरोबर उलटं करतात, पाय मारत राहतात, आणि प्रत्येक वेळी आणखी पेट्रोल आत जातं.

आता आयडलिंग. स्लोला बटरफ्लाय जवळजवळ मिटलेला असतो, त्याच्या खाली इंजिनची ओढ जबरदस्त असते आणि इंजिन अगदी थोडी हवा आणि थोडं पेट्रोल घेऊन जिवंत असतं. त्यामुळे तिथे चुकून आलेली थोडीशी हवाही मोठी ठरते. रेस दिली की तीच गळती एकूण हवेत किरकोळ होऊन जाते. म्हणून स्लोला मिस मारतेय आणि रेस दिल्यावर स्वच्छ चालतेय असं असेल तर माझा पहिला संशय हवेवर. मावसभावाच्या गाडीत हेच होतं, कार्बोरेटर दोनदा खोलून बसवताना नट इतके आवळले होते की त्याच्या बुडाचा फ्लँज वाकला आणि पॅकिंगच्या कडेने हवा जात होती. बाहेरून काही दिसत नाही. रबरी नळीचं एक टोक कानाला लावून दुसरं टोक जोडांभोवती फिरवलं की सूं असा आवाज सापडतो. फ्लँज सरळ आहे का ते जाड काचेवर ठेवून बघायचं, डगडगला तर काचेवर पॉलिश पेपर पसरून हळूहळू आठचा आकडा काढत घासायचा, नवीन पॅकिंग, आणि नट दोन्हीकडून आलटून पालटून, बेताने. ह्या एका कामाने त्याची आयडलिंग अशी बसली की तो शेजाऱ्यांना बोलावून दाखवत होता.

बटरफ्लायचा दांडाही हलवून बघा, जुन्या कार्बोरेटरमध्ये तो झिजून सैल होतो आणि दोन्ही बाजूंनी हवा शिरते, तिथे बुश घालावे लागतात. डेल्कोला व्हॅक्यूम ॲडव्हान्स (इंजिनच्या ओढीने टायमिंग पुढे करणारी डबी) असेल तर त्याची नळी आणि डायफ्रॅम, ती नळी तोंडाने ओढून जिभेने बंद केली तर ओढ टिकली पाहिजे.

हे सगळं करूनही एकसारखी चालत नसेल तर कुठला सिलिंडर आळशी आहे ते शोधा. इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढायची, तिचं टोक इंजिनच्या लोखंडाला टेकवून ठेवायचं, मग सुरू करून ऐकायचं, असं चारही प्लगना. जिची वायर काढल्यावर इंजिनला काहीच फरक पडत नाही तो सिलिंडर आधीच काम करत नव्हता. मग त्याचा प्लग, टॅपेटचा (व्हॉल्व दाबून उघडणाऱ्या भागाचा) गॅप, कॉम्प्रेशन. कॉम्प्रेशन कमी आलं तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत बघा, वाढलं तर रिंगा, नाही वाढलं तर व्हॉल्व. सायलेन्सरच्या तोंडाशी कागद धरला आणि तो मधूनच आत ओढला गेला तर एक्झॉस्ट व्हॉल्व जळल्याचा दाट संशय घ्या. टॅपेट टाइट असतील तर थंड स्टार्टला त्रास आणि स्लो खराब, दोन्ही होतं, आणि त्यांचा आवाज येत नाही म्हणून मालक खूश असतो. थोडा टकटक आवाज परवडला.

आणि आता, कार्बोरेटर. स्लो जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं, त्यात सुकलेल्या पेट्रोलचा चिकट थर बसला की रेसला छान आणि पाय काढला की बंद असा दोष येतो, आणि मिक्श्चरचा स्क्रू फिरवून काहीच बदलत नाही. जेट काढा, क्लीनर आणि हवेने साफ करा, त्यात तार कधीही घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की जेट गेला. उलट स्क्रू पूर्ण आत गेला तरी इंजिन बंद होत नसेल तर पेट्रोल दुसरीकडून येतंय, म्हणजे फ्लोटची (बाउलमधल्या तरंगत्या भागाची) लेव्हल जास्त आहे, निडल व्हॉल्व धरत नाही, किंवा स्लो इतकी वाढवून ठेवलीय की बटरफ्लाय उघडाच आहे. चोकची केबल अडकून चोक अर्धवट राहत नाही ना हेही बघा.

सेटिंग करताना इंजिन पूर्ण गरम हवं, चोक आत, एअर फिल्टर लावलेला. मिक्श्चरचा स्क्रू हलक्या हाताने आत टेकवा, आवळू नका, मग दीड फेरी बाहेर. तिथून आत नेत जा, इंजिन अडखळायला लागेल, मग बाहेर काढत जा, आवाज जड आणि डुलता होईल, ह्या दोन्हींच्या मध्ये जिथे इंजिन सगळ्यात वेगाने आणि एकसारखं चालतं ती जागा. मग स्लोच्या स्क्रूने वेग साधारण ८०० आरपीएमवर आणा, आणि परत एकदा मिक्श्चर तपासा कारण एक हलवलं की दुसरं बदलतं. ई२० साठी मी स्क्रू किंचित बाहेरच ठेवतो. पण किंचितच, कारण पीयूसी आयडलिंगलाच होते आणि मार्च २००० च्या आधीच्या पेट्रोल कारला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ३ टक्के आणि एचसी (हायड्रोकार्बन, म्हणजे न जळलेलं पेट्रोल) १५०० पीपीएम ही मर्यादा आहे. करंट, टायमिंग आणि हवेची गळती नीट असेल तर ह्यात बसणं अजिबात अवघड नाही. सीओ ठीक आणि एचसी खूप जास्त आला तर समजा की कुठेतरी पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय, म्हणजे परत करंटकडे बघा. पीयूसीच्या त्या पावतीकडे लोक फक्त पास-नापास म्हणून बघतात, मी ती जपून ठेवतो आणि मागच्या पावतीशी ताडून बघतो.

शेवटी पार्टबद्दल, कारण सगळं निदान बरोबर करूनही लोक इथे अडकतात. इतकी वर्षं ह्या गाडीचे पार्ट सहज मिळायचे ते मुंबईच्या टॅक्सींमुळे. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली आणि आता दुकानात पडून असलेला माल जुना होत चाललाय. नाना पेठेत अजून बरंच मिळतं, जुन्या बाजारातही नशिबाने कधी चांगला डेल्को हाती लागतो, पण पॅक बॉक्स आहे म्हणजे माल चांगला असं धरू नका. पंपाचा डायफ्रॅम घेताना तो बोटांनी दुमडून बघा, कडक झालेला असेल किंवा चिरा दिसल्या तर घेऊ नका. कंडेन्सर नवा असला तरी तो लावून, गाडी पूर्ण गरम करून, ठिणगी बघूनच समाधान माना. आणि चांगला चाललेला कंडेन्सर, पॉइंटचा एक सेट, रोटर, एक प्लग, हातभर इथेनॉल चालणारा रबरी पाइप दोन क्लिपांसकट, आणि फिलर गेज एवढं डिकीत एका डब्यात ठेवा. खंबाटकी उतरून वाईकडे निघालात आणि वाटेत गाडी रुसली तर जवळच्या गॅरेजमध्ये पॉइंट सेट करता येणारा माणूस असेलच असं आता राहिलेलं नाही, तुम्हाला ते आलं पाहिजे, घरातल्या मुलामुलींनाही शिकवा, एका रविवारी शिकून होतं.